सहीशिवाय ग्राह्य

नॉयब्रान्डेनबुर्ग हे गाव मी पाहिलेलं नाही.
एकतीस वर्षं जर्मनीत काढली,
पण आमचं सगळं दक्षिणेला, काळ्या अरण्याच्या कडेला,
घड्याळांच्या कारखान्यात.
गजराच्या घड्याळांना मी काटे बसवायची,
दिवसाला सहाशे, चिमट्याने.
आता काळ्या समुद्रावर, गिरेसूनच्या वरच्या वस्तीत राहते.
काळ्यातून काळ्यात.
मधला उजेड कुठे गेला, विचारू नका.

आणि ते गाव मला ओळखतं.
माझी जन्मतारीख त्याला पाठ,
माझ्या सेयफेत्तिनचं नाव, दोन्ही त-सकट,
तो गेला ती तारीख,
आणि माझं पेन्शन, पै-पैसा धरून.

पत्र नऊ पानी.
पानांचे फोटो काढून मी व्होल्कानला पाठवले.
तो डॉर्टमुंडला बस चालवतो, तिथेच जन्मला,
त्यालाही अर्धंच कळतं.
"अन्ने, तू मर्यादित करपात्र आहेस."
मर्यादित!
गुडघे केव्हापासून हेच सांगतायत,
सरकारला आत्ता कळलं.

दोन हजार नऊला सुटलीस ना, तो म्हणतो,
म्हणून अठ्ठावन्न टक्के हिशेबात, बाकीचे मोकळे,
आणि मोकळे आहेत तेवढेच राहणार, मरेपर्यंत.
एक वर्ष आधी सुटली असतीस तर छप्पन्न.

एक वर्ष आधी.
त्या वर्षी मी थांबले,
कारण नवी पोलिश मुलगी आली होती, डानूता,
तिला सेकंदकाटा जमत नव्हता, रडायची.
फोरमन म्हणाला, नेझाहात,
तुझ्यासारखा हात नाही कुणाचा.
त्या एका वाक्याचे दोन टक्के.

मग करार. दोन्ही देशांनी बसून ठरवलंय
की वर्षाच्या दहा हजारांना जर्मनीने हात लावायचा नाही.
माझे तेरा हजार आणि थोडे.
वरचे तीन त्यांना दिसतात
पाण्याबाहेर काढलेल्या डोक्यासारखे.
चार वर्षांचे मिळून तेराशे युरो,
व्याजाचं पान वेगळं.

शेजारची हावा म्हणते, भरू नकोस,
इथे येऊन काय तुझी पातेली उचलणार आहेत?
मी गप्प बसते.
तिच्या घरचं कुणी कधी बाहेर गेलं नाही,
तिला काय ठाऊक,
पातेलीसुद्धा तिथलीच आहेत.

नवव्या पानाच्या तळाशी मुंगीएवढं अक्षर:
हे पत्र यंत्राने तयार केले असून सहीशिवाय ग्राह्य आहे.
हे मात्र मी तीनदा वाचून घेतलं.
कारण दर उन्हाळ्यात एक दुसरं पाकीट येतं:
आपण हयात असल्याचा दाखला पाठवावा.
मग मी चांगला रुमाल डोक्याला बांधून मुख्तारकडे जाते.
तो माझ्या मावसबहिणीचा मुलगा,
त्याला मी पाळण्यात झोके दिलेत.
तरी म्हणतो, मावशी, ओळखपत्र.
शिक्का मारतो, शाईवर फुंकर घालतो,
की मी जिवंत.
आणि मागणारा?
त्याला कुणी विचारत नाही.

या वर्षी हेझलनटला भाव बरा होता.
बँकेतली पोरगी विचारते, पैसे पाठवायचं कारण?
चौकट लहान आहे, तेय्झे, थोडक्यात सांगा.
एकतीस वर्षं, मी म्हणणार होते.
नंबर सांगितला. अकरा आकडे, कागद न बघता.
ती म्हणाली, वा.

कारखान्यातलं एक घड्याळ घरी आहे,
तपासणीत नापास झालेलं, म्हणून फुकट मिळालं.
दिवसाला चार मिनिटं पुढे पळतं.
रोज रात्री मी काटा मागे घेते,
आणि ती नऊ पानं त्याच्याखाली सरकवते,
खिडकीतून समुद्राचा वारा येतो म्हणून.